आणखी एक घेतली तर काय होतंय

"तू कोळी पाळलेला नाहीस. तू मातीचा डबा पाळलायस," असं नवरा म्हणाला, तेव्हा ठमाबाईला बिळात जाऊन एकोणसाठ दिवस झाले होते. मी मोजत होते. आत शिरून तिनं तोंडाशी माती लोटून घेतली होती, वरून रेशमाचा पातळ पडदा ओढला होता, आणि त्यानंतर पायाचं नखसुद्धा दिसलं नव्हतं. मी रोज कामावर निघण्याआधी बाटलीच्या झाकणातलं तिचं पाणी बदलायची, डब्यापुढे मिनिटभर वाकून उभी राहायची, आणि मग आपण मातीला नैवेद्य दाखवतोय हे लक्षात येऊन गुपचूप पर्स उचलायची.

दुसरी टॅरंट्युला, म्हणजे ठमाबाईसारखी आणखी एक मोठी केसाळ कोळीण, घ्यावी हा विचार त्या दिवसांतला. आता कबूल करायला हरकत नाही. पहिली दिसत नव्हती म्हणून दुसरी हवी होती, त्यात प्राणिप्रेम वगैरे काही नव्हतं.

पहिली आली ती लेकीच्या निमित्तानं. आम्ही डेनव्हरजवळ राहतो. इथून जवळच वेस्टमिन्स्टरला 'बटरफ्लाय पॅव्हिलियन' आहे. नाव फुलपाखरांचं असलं तरी तिथली खरी मानकरीण रोझी. ही चिलीची टॅरंट्युला, आणि ती एकटी नाही; रोझी नावाच्या अनेकजणी आळीपाळीनं कामावर येतात. आपण खाली बसायचं, तळहात उताणे धरायचे, आणि तिथली बाई रोझीला हळूच हातावर सोडते. लेक मागे सरकली म्हणून तिला धीर द्यायला मी हात पुढे केला. सोलापूरला दर दिवाळीआधी बांबूला झाडू बांधून छतावरची जळमटं काढणं हे माझं काम होतं, आणि त्यात एखादा कोळी अंगावर पडला तर मी गल्लीभर ओरडत सुटायची. त्याच हातावर आता आठ पावलं चालत होती, आणि वजन म्हणाल तर वाळलेल्या झेंडूएवढं. रोझी मनगटापाशी थांबली, तिनं पुढचा एक पाय उचलून हवा चाचपली आणि परत ठेवला. एवढंच झालं. घरी येताना गाडीत लेक झोपली होती, आणि मी सिग्नलला थांबून फोनवर 'नवशिक्यांसाठी टॅरंट्युला' शोधत होते.

ठमाबाई कुरळ्या केसांची. दुकानदार तिला 'कर्ली हेअर' म्हणतात, शास्त्रातलं नाव त्लिलतोकात्ल आल्बोपिलोसस. मूळ मध्य अमेरिकेतली, निकाराग्वा-कोस्टारिकाकडची. सगळे जाणकार पहिल्यांदा घ्यायला सांगतात त्या चार-पाच नावांतलं हे एक. शांत, चिवट, थोड्याफार चुका पोटात घालणारी. हात लावायचा मोह मात्र पहिल्याच महिन्यात सोडला. जमिनीवर राहणाऱ्या या प्राण्याचं पोट म्हणजे पाण्यानं भरलेला फुगा. हातातून फरशीवर पडली तर फुटू शकतं. म्हणून डब्यातसुद्धा माती इतकी भरायची की मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त राहू नये. काचेवर चढणार आणि पडणार हे गृहीतच धरायचं.

बाकी खर्च काय? बुटांच्या खोक्याएवढी जागा, कोकोपीट, बुचाच्या सालीचा एक तुकडा, दहा-बारा दिवसांनी एक रातकिडा किंवा एक झुरळ. झुरळं आम्ही विकत आणतो. ज्या घरात लहानपणी ओट्याखाली लक्ष्मणरेषा ओढली जायची त्या घरातली मुलगी आता डॉलर मोजून दुबिया जातीची झुरळं आणते आणि त्यांना गाजर खाऊ घालते. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

आणि इथंच खरी गोम आहे. कुत्रा दुसरा घेताना माणूस दहादा विचार करतो, कारण पहिल्यानं सोफा फाडलेला असतो. टॅरंट्युला काहीच मागत नाही. भुंकत नाही, फिरवायची नाही, सुट्टीवर जाताना कुणाकडे सोडायची नाही. त्यामुळे दुसरी घ्यायला 'नको' म्हणणारं घरात कुणीच नसतं. फडताळावर जागा दिसली की हात शिवशिवतात. असले डबे पन्नासावर, शंभरावर गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकानं सुरुवात याच वाक्यानं केली होती: आणखी एक घेतली तर काय होतंय?

मी त्या रात्री वहीत यादी केली. मेक्सिकोची लाल गुडघ्यांची ब्राकिपेल्मा हामोरी यादीत सगळ्यात वर होती. काळ्या पायांवर केशरी-लाल पट्टे, दागिने घातल्यासारखे. ही इतकी लोकप्रिय की बरीच वर्षं लोक तिला तिच्या चुलत बहिणीच्या, स्मिथीच्या नावानंच विकत होते. २०१७ साली संशोधकांनी दोघींचा गोंधळ निस्तरला. पण ही वाढते फार सावकाश, आणि मादी पंचवीस वर्षंही जगते. मी त्रेचाळीस वर्षांची. नखाएवढं पिल्लू आज आणलं तर ते वयात येईस्तोवर मी पन्नाशीला, आणि त्याचं म्हातारपण माझ्या म्हातारपणाबरोबर. आपण कोळी मोजतो, एक, दोन, तीन. खरं तर बेरीज वर्षांची असते. ठमाबाईची वीस धरली, हिची पंचवीस, की दोनच डब्यांत पंचेचाळीस वर्षांची जबाबदारी झाली. लेक कॉलेजला जाईल तेव्हा ही झुरळं कोण सोलणार? (सोलावी लागत नाहीत. पण लहान पिल्लांसाठी डोकं ठेचून द्यावी लागतात, ते सोलण्यापेक्षा वाईट.)

हे एवढं शहाणपण वहीत लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मी भलतंच पिल्लू मागवलं.

कॅरिबेना व्हर्सिकलर. कॅरिबियन समुद्रात मार्टिनीक नावाचं फ्रेंचांचं बेट आहे, तिथली झाडावर राहणारी. पिल्लू अख्खं निळं, मोरपिशी नव्हे, निळीच्या कांडीचं निळं, आणि पोटावर काळी नक्षी. मोठं होता होता तेच हिरवं, लाल, जांभळं होत जातं. फोटो पाहिल्यावर वही कुठे गेली कळलंच नाही. विकणाऱ्यानं लिहिलं होतं, 'नवशिक्यांनाही चालेल, ओलावा हवा.' ते दोन शब्द, 'ओलावा हवा', मी गाठ मारून ठेवले.

डेनव्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावर आहे, आणि हवा अशी कोरडी की जानेवारीत हीटर लागला की ओठ फुटतात, हातावर रेघ ओढली तर पांढरी उमटते. या हवेत बिचारं बेटावरचं पिल्लू वाळून जाईल या धास्तीनं मी डबीच्या झाकणावरच्या सहा भोकांपैकी चार चिकटपट्टीनं बंद केली आणि सकाळ-संध्याकाळ आत फवारा मारू लागले. डबीच्या भिंतींवर थेंब धरायचे. मला वाटायचं, वा, पाऊस. पिल्लानं वरच्या कोपऱ्यात जाळ्याची नळी विणली होती, त्यातून दोन निळे पाय दिसायचे. तिसऱ्या आठवड्यात ते खाली उतरलं. मग तळाशीच बसू लागलं. एका सकाळी पाय पोटाखाली मुडपून, मूठ मिटल्यासारखं पडलेलं होतं.

कोळी पाठीवर उताणा पडला की नवखा माणूस रडायला लागतो, पण ते कात टाकणं असतं. ठमाबाई पहिल्यांदा तशी उलटी झाली तेव्हा नवरा परसात खड्डा कुठे करायचा ते बघत होता आणि संध्याकाळी ती नवी कोरी होऊन उभी होती. मेलेला कोळी उलटा नसतो, तो मुडपलेला असतो. त्याच्या पायांत सरळ करणारे स्नायू पुरेसे नसतात. पाय ताणले जातात ते आतल्या द्रवाच्या दाबानं. दाब गेला की पाय आपोआप आत वळतात. हे मी त्या सकाळी शिकले.

चूकही नंतर समजली. झाडावरच्या या जातींना ओल्या हवेपेक्षा वाहती हवा लागते. मार्टिनीकला दमट आहे खरं, पण तिथं समुद्रावरून अखंड वारं वाहतं. मी वारं बंद करून नुसता दमटपणा ठेवला. भोकं हवी होती बाजूंना, समोरासमोर, म्हणजे हवा आरपार जाईल; पाण्याचा एक थेंबभर साठा आणि एक कोरडा कोपरा पुरला असता. माझ्या घराच्या हवेशी भांडून मी डबीत दुसरं हवामान बसवायला गेले, आणि त्या भांडणात पस्तीस डॉलरचं, नखाएवढं, निळं काहीतरी गेलं. पैशाचं सोडा. लेकीला सांगताना 'आजारी होतं' असं म्हटलं. ते अजून टोचतं.

ठमाबाई सत्त्याण्णवाव्या दिवशी बाहेर आली. कात टाकून, चांगली टम्म.

एप्रिलमध्ये सासूबाई सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. मी डबा कपाटात लपवायचं ठरवलं होतं, पण लेकीनं विमानतळावरच फोडलं. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) पहिले दोन दिवस त्या खोलीत गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते तर खुर्ची ओढून समोर बसलेल्या, चष्मा पुसत. "काय गं ही, काहीच करत नाही? माझ्यासारखीच दिसते, दुपारची." त्यानंतर त्यांचा आणि ठमाबाईचा दुपारचा वेळ ठरून गेला.

त्याच महिन्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन लागलं, आणि आईंना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून त्यांनाही नेलं. मोठं गोदाम, लांबच लांब टेबलं, त्यांवर अजगरांपासून बेडकांपर्यंत सगळं डब्यांत. टॅरंट्युलाच्या टेबलावर दह्याच्या वाटीएवढ्या प्लास्टिकच्या डब्या रचलेल्या, प्रत्येकीवर नाव. मी यादीतली नावं शोधत होते आणि एका डबीपाशी थबकले. आत निळं, पण मेलेल्या पिल्लाच्या निळ्याहून वेगळं, धातूसारखं, पायांवर पिवळे ठिपके. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'गूटी सफायर'.

गूटी. गुत्ती! आईंना म्हटलं, "बघा, ही गुत्तीची आहे." आई म्हणाल्या, "तिरुपतीला जाताना लागते ती? गुंतकलच्या पुढची?" तीच. सोलापूरहून तिरुपतीला जाणाऱ्या माणसानं रात्री खिडकीतून ते स्टेशन पाहिलेलं असतं, आणि इतिहासाच्या पुस्तकात मुरारराव घोरपड्यांची गुत्तीही वाचलेली असते, १७७६ साली हैदरअलीनं घेतली ती. आता तीच गुत्ती डेनव्हरच्या गोदामात दह्याच्या वाटीत.

घरी आल्यावर मी तिचं सगळं वाचून काढलं. गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत हा कोळी सापडला आणि १८९९ साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं त्याचं पहिलं वर्णन छापलं, तेही आपल्या मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये. मग शंभरेक वर्षं कुणालाच दिसला नाही. २००१ मध्ये पुन्हा सापडला तो गुत्तीत नाही, तर तिथून बऱ्याच अंतरावर, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या पूर्व घाटातल्या जंगलात. गुत्तीचा तो पहिला कोळी बहुधा लाकडाच्या ओंडक्यात बसून आगगाडीनंच आला असावा. म्हणजे नाव ज्या गावाचं, ते गाव त्याचं नव्हेच. त्याचं खरं घर शंभर चौरस किलोमीटरहूनही लहान, आणि तेही सरपणापायी विरळ होत चाललेलं. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. २०१९मध्ये हा ज्यात मोडतो त्या पोइसिलोथेरिया गटातल्या सगळ्याच कोळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. टेबलावरची पिल्लं इथंच, पाळलेल्या माद्यांपासून झालेली होती, त्यात बेकायदा काही नाही. पण त्यांची खापरपणजी कुणाच्या तरी बॅगेतून निघाली असणार.

प्रदर्शनात मी ती डबी तीनदा उचलली आणि तीनदा ठेवली. 'आपली' आहे हा मोह फार वाईट. परदेशात वीस वर्षं काढलेल्या माणसाला कशाचंही 'आपलं' होतं, मग तो कोळी का असेना. शेवटी घेतली नाही, आणि त्याचं कारण काही उदात्त नव्हतं. नव्या जगातल्या, म्हणजे अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंट्युलांकडे पोटावर खाजरे केस असतात. चिडल्या की मागच्या पायांनी ते उडवतात. ठमाबाईनं माझ्यावर एकदा उडवले होते, खाजकुयली परवडली. पण ते एक पाऊल अलीकडचं हत्यार आहे, चावण्याआधीचं. भारतातल्या, आफ्रिकेतल्या जुन्या जगाच्या टॅरंट्युलांकडे असे केस नाहीत. त्या पळतात, नाहीतर चावतात. आणि या पोइसिलोथेरियांचा वेग असा की डबीचं झाकण उघडल्यावर ती कुठे गेली हे बघायला मान वळवेपर्यंत ती कोपरापर्यंत आलेली असते. चावली तर स्नायूंना गोळे येतात आणि ते कित्येक दिवस राहतात. घरात अकरा वर्षांची लेक, बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि एक पिल्लू मारून बसलेली मी. गुत्तीकरीण तिथंच राहिली. आई मात्र जाताना डबीला म्हणाल्या, "सांभाळ गं बाई." कानडी हेलात.

मग घेतलं काय? जे यादीत चौथं होतं ते. क्रोमाटोपेल्मा सायॅनिओप्युबेसेन्स, इंग्रजीत 'ग्रीन बॉटल ब्लू', लोक जीबीबी म्हणून मोकळे होतात. व्हेनेझुएलाच्या पाराग्वाना नावाच्या द्वीपकल्पातली, जिथं निवडुंग आणि काटेरी झुडपं. हिला ओल नकोच असते. कोरडं कोकोपीट, पाण्याची वाटी, संपलं. डेनव्हरच्या ज्या हवेशी भांडताना माझं निळं पिल्लू गेलं, तीच हवा हिला माहेरची. माझ्या घरात जे आहे ते कुणाला चालेल, हा साधा प्रश्न मी चार महिने उशिरा विचारला होता. शिवाय खाजरे केस आहेत, खादाड आहे, आणि सदा बाहेर बसते. मातीच्या डब्याचा टोमणा संपला. ठमाबाईपेक्षा चपळ आहे, पण हाताबाहेरची नाही.

निळे पाय, हिरवी पाठ, केशरी पोट. नाव सुचायला क्षणही लागला नाही. पैठणी. दीड इंचाची होती, आणि आठवड्यात तिनं सबंध डबा असा विणून काढला की आत धुकं भरल्यासारखं दिसू लागलं. आयुष्यभर जळमटं काढली, आता ती झाडायची नाहीत म्हणून घरातल्यांना बजावते.

जूनमध्ये पैठणीनं कात टाकली. लेकीनं कात साबणाच्या पाण्यात भिजवली, चिमट्यानं पोटाकडचा भाग उलगडला आणि माझ्या जुन्या फोनला भिंग चिकटवून बघत बसली. मादी असेल तर कातीच्या आत, फुप्फुसांच्या पहिल्या जोडीच्या मधे, एक छोटी पिशवी दिसते. अर्ध्या तासानं ती आली. "आई, पैठणी नाही. पैठणकर आहे."

नर. म्हणजे मादी असती तर पंधरा वर्षांची झाली असती ती बेरीज दोन-तीनवर आली. नर वयात आला की पुढे फार जगत नाही, अनेकदा वर्षाच्या आतच संपतो. पिल्लू घेताना हे नाणं उडवूनच घेतलेलं असतं, मला ते माहीत होतं; मादीची खात्री हवी असेल तर मोठी, जास्त पैशांची घ्यावी लागते. जास्त वर्षं नकोत म्हणून लाल गुडघ्यांची टाळणारी मी त्या दिवशी कमी मिळाली म्हणून खट्टू झाले.

आषाढी एकादशीच्या आसपास ठमाबाईनं परत दार लावून घेतलं. आई हसून म्हणाल्या, "चातुर्मास धरला बाईनं."

सप्टेंबरमध्ये, आई परत जायच्या आधी, आम्ही ला हुंटाला गेलो. डेनव्हरपासून तीन तास, आग्नेय कोलोरॅडोचा गवताळ पट्टा. उन्हाळा ओसरला की तिथले तपकिरी टॅरंट्युला, अफोनोपेल्मा हेन्ट्झी, रस्त्यावर निघतात. सगळे नर. मादी बिळातच असते, वर्षानुवर्षं. नर आठेक वर्षं बिळात काढून वयात आला की एकदाच बाहेर पडतो आणि मादी शोधत चालत राहतो. ती सापडो न सापडो, थंडीपर्यंत बहुतेक संपतात. गावाच्या दक्षिणेला हायवे १०९वर आम्ही गाडी कडेला लावली. सूर्य मावळायला तासभर होता. प्रथम एकही दिसेना, आणि मग नवऱ्याला दिसला. काळपट, लांब पायांचा, डांबरावरून चालत होता. घाई नाही, थांबणं नाही. पाच मिनिटांनी दुसरा. मग आम्ही मोजणं सोडलं.

नवऱ्यानं हात वर करून मागून येणारा एक ट्रक थांबवला. ट्रकवाल्यालाही सवय असावी, त्यानं हॉर्नसुद्धा दिला नाही. कोळी रस्ता ओलांडून गवतात शिरेपर्यंत चौघं आणि एक ट्रक उभे होतो. लेक म्हणाली, "एक घेऊन जाऊ या?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "कामाला निघालाय तो. त्याला कशाला धरायचं?"

आई गेल्या. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "सुटला का चातुर्मास?" कार्तिकी होऊन गेली, अजून दार बंदच. पैठणकर मात्र जोरात आहेत, परवा पुन्हा कात टाकली, पाय लांब दिसायला लागलेत.

काल रात्री मी गॅरेजमध्ये जुनी सोल्डरिंगची सळी तापवून एका रिकाम्या उंच डबीच्या बाजूंना भोकं पाडत बसले होते. डावीकडे आठ, त्यांच्या बरोबर समोर उजवीकडे आठ. जळक्या प्लास्टिकचा वास आत गेला तसा नवरा दारात आला.

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. हवा जाते का बघतेय."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "वरच्या बाजूला पण दोन पाड," आणि झोपायला गेला.